शाळेच्या आराखड्यावर सही कोणाची?

शासनाने कायदा करावा आणि समाजाने तो दप्तरी पडू द्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. शिक्षण हक्क कायदा म्हटला की मध्यमवर्गीय घरात आठवतात ते खासगी शाळांतील २५ टक्के प्रवेश आणि त्यांच्या सोडती. २००९ च्या या कायद्याची २१ व २२ ही कलमे मात्र क्वचितच कोणी वाचलेली असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, समितीने विकास आराखडा तयार करावा आणि अनुदानासाठी तोच आराखडा आधारभूत मानावा, असे ही कलमे सांगतात. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित व अल्पसंख्याक शाळांतील समित्या केवळ सल्लागार उरल्या. म्हणजे आराखड्याचा अधिकार राहिला तो जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतील पालकांकडे. नेमक्या याच शाळांकडे आपण सुशिक्षितांनी पाठ फिरवली आहे!

मुख्याध्यापक समितीचे पदसिद्ध सचिव. आराखडा बहुधा त्यांच्याच टेबलावर, मागील वर्षाचा समोर ठेवून तयार होतो आणि पालकांच्या वाट्याला ठराववहीतील सही येते. मुख्याध्यापकांनाच दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि वर मागवलेली माहिती यांतून त्यांना उसंत कोठे? पण परिणाम व्हायचा तो होतोच. मार्चअखेर निधी संपवण्याची घाई होते, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसताना दर्शनी भिंत मात्र रंगते.

रक्कम मुळात तुटपुंजी. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार १०० हून अधिक व २५० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्यात वीजबिल, दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य. पैसा इतका थोडा असताना आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणाराच शाळेचे खरे भले-बुरे करत असतो.

पालक उदासीन आहेत, असे सरसकट म्हटले जाते. ते मला मान्य नाही. सकाळी अकराची बैठक म्हणजे मजुराचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला. बीडकडचे ऊसतोड मजूर तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि वर्षअखेरीचे हिशेब होतात तेव्हा ते फडावर असतात. त्यांच्या अनुपस्थितीला उदासीनता म्हणायचे काय? बैठक सायंकाळी घ्यावी, आणि पुढील वर्षाचा आराखडा टोळ्या निघण्यापूर्वी मांडावा.

उरलेल्या एक चतुर्थांश जागांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञाला स्थान आहे. निवृत्त शिक्षकांना ही संधी आहे. अध्यक्षपद पालकांचेच राहावे. आपण शेजारी बसून जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा, आणि कडीचे काम रंगाच्या आधी यावे असे एखाद्या आईने म्हटले, तर ते ठरावात तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.