गुण दाखवायचे की झाकायचे?

गेल्या महिन्यात नाशिकहून एका भगिनीचं पत्र आलं. लोणच्याला बुरशी का धरते, मुलगा टीव्हीशिवाय घास घेत नाही, अशा पत्रांच्या गठ्ठ्यात हे निराळं होतं. त्यांच्या मुलीने अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी सॅटची परीक्षा दिली. १६०० पैकी १३९० मिळाले. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं, "पंधराशेच्या खालचे गुण पाठवूच नका, ती जागा कोरी सोडा." तेव्हापासून मुलगी धड जेवत नाही. 'तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच सांगा काय करावं,' असं बाईंनी लिहिलंय.

आता मी आठवड्यातले तीन दिवस शाळेत इंग्रजी शिकवणारी. बाकीचे दिवस घर. अमेरिकेच्या कॉलेजातलं मला काय कळणार, म्हणून हे पत्र मी बाजूलाच ठेवलं असतं. पण २०२५ च्या सप्टेंबरात माझ्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या मदतीला मी सहा आठवडे न्यू जर्सीला जाऊन राहिले. तिच्या घरात तेव्हा नेमकं हेच महाभारत चालू होतं. त्यामुळे जे पाहिलं आणि शिकले, ते सांगते.

भाची तिकडे बारावीत. सॅटमध्ये दोन भाग असतात, इंग्रजी वाचन-लेखन आणि गणित. प्रत्येकी ८०० गुण. मार्चमध्ये तिला इंग्रजीत ६६० आणि गणितात ७०० पडले, म्हणजे १३६०. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा परीक्षा दिली. गणितात ७८० वर उडी मारली, पण इंग्रजी ६४० वर घसरलं. बेरीज १४२०. मधे जूनमध्ये ए.सी.टी. नावाची दुसरी परीक्षा देऊन झाली होती, तिच्यात ३६ पैकी ३०. या दोन परीक्षांचा ताळा घालणारा २०१८ सालचा एक तक्ता आहे. त्याप्रमाणे ३० म्हणजे सॅटचे साधारण १३७०.

झालं! एका मुलीचे तीन आकडे, आणि घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. ताई म्हणे, ते ६४० कुणाला दिसता कामा नयेत. दाजी म्हणत, मंडळातल्या अमक्याच्या मुलाला १५६० आहेत, आपण १४२० दाखवून हसं कशाला करून घ्यायचं? साताऱ्याहून आईचा फोन आला की ताई नुसतं 'चांगले मिळालेत' म्हणायची आणि विषय गुडघ्यावर न्यायची. भाची वर आपल्या खोलीत. जेवायला हाक मारली तर 'भूक नाही.'

मला माझी बारावी आठवली. मला ६१ टक्के मिळाले होते. बाबा आल्यागेल्याला 'फर्स्ट क्लास मिळाला' असं सांगत, आकडा कधी बोलत नसत. खोटं काहीच नव्हतं. पण मी स्वयंपाकघरात चहा गाळत ते ऐकत असे, आणि ६१ ही काहीतरी झाकून ठेवायची वस्तू आहे हे मला तिथे कळलं. तोवर मी खुशीत होते हो!

आपल्याकडे एक बरं आहे, बोर्डाची मार्कशीट एकच. जे.ई.ई. मेन दोनदा दिली तर चांगला निकाल परीक्षा घेणारेच धरतात. अमेरिकेत मात्र कुठले गुण पाठवायचे हे बऱ्याच ठिकाणी मुलांनाच ठरवावं लागतं. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २००९ पासून अशी सोय केली की कुठल्या तारखेच्या परीक्षेचे गुण पाठवायचे ते मुलांनी निवडावं. तारीख मात्र अख्खी जाते. मार्चचं इंग्रजी आणि ऑगस्टचं गणित असं तोडून पाठवता येत नाही. पण पुष्कळ कॉलेजं दोन्ही तारखांचे गुण मागवून प्रत्येक भागातला चांगला आकडा आपणहून उचलतात. त्याला ते सुपरस्कोर म्हणतात. आमच्या भाचीचा सुपरस्कोर ६६० आणि ७८०, म्हणजे १४४०. पण त्यासाठी दोन्ही तारखा पाठवायच्या, म्हणजे ते ६४० ही जाणार! ताईचा जीव तिथे अडकला होता.

त्यावरचा तोडगा भाचीनेच दाखवला. तिकडे बरीच कॉलेजं ज्या सामायिक अर्जावर चालतात, त्यात मुलं आपले गुण आपल्या हाताने लिहितात. तो अर्ज विचारतो, इंग्रजीत तुमचे सर्वांत जास्त किती आणि कुठल्या तारखेला? गणितात सर्वांत जास्त किती आणि कुठल्या तारखेला? घसरलेला आकडा तो विचारतच नाही. आणि बोर्डाकडून आलेले पक्के गुण पुष्कळ कॉलेजं प्रवेश दिल्यावरच मागतात. एवढं कळल्यावर ताईने दोन दिवसांनी पहिल्यांदा गुडघ्याचा व्यायाम नीट केला.

मग प्रश्न आला दाजींचा. मुळात पाठवायचेच का?

मेनमधल्या बोडिन नावाच्या कॉलेजाने १९६९ सालीच गुण पाठवणं मुलांच्या मर्जीवर सोडलं होतं. २०२० मध्ये कोरोनामुळे परीक्षाच रद्द होऊ लागल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी तोच रस्ता धरला. पुढे एम.आय.टी.ने २०२२ मध्ये गुण पुन्हा सक्तीचे केले, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागून एक त्याच वाटेने गेले. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना हे गुण बघतच नाही, १६०० असले तरी. आणि जॉर्जटाउन हे दिलेल्या सगळ्या परीक्षांचे सगळे गुण मागण्याबद्दल प्रसिद्ध झालेलं. तेव्हा 'अमेरिकेत काय चालतं?' या प्रश्नाला उत्तरच नाही. एकेका कॉलेजाचा नियम त्याच्या स्वतःच्या पत्रकात, त्या वर्षीचा, वाचावा लागतो. शेजारणीच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते उपयोगाचं नाही.

जिथे मर्जीवर सोडलंय तिथे बघायचा एक आकडा असतो. बहुतेक कॉलेजं दरवर्षी एक ठरावीक माहितीपत्रक काढतात, कॉमन डेटा सेट म्हणून. त्यात दाखल झालेल्या मुलांच्या गुणांचा मधला पट्टा दिलेला असतो. समजा, १३५० ते १४८०. म्हणजे निम्मी मुलं या दोन आकड्यांच्या मधली, पाव मुलं वरची आणि पाव खालची. आपले गुण पट्ट्यात किंवा वर असतील तर पाठवावेत, बरेच खाली असतील तर राहू द्यावेत, असा साधा हिशेब सगळे सांगतात.

पण यात एक गोम आहे, बरं का. हा पट्टा फक्त ज्यांनी गुण पाठवले त्यांचाच असतो. ज्यांची भाकरी टम्म फुगली त्यांनीच ती पानात वाढली, आणि ज्यांची जरा चपटी राहिली त्यांनी ती झाकणाखाली ठेवली. पानं पाहून आपण म्हणायचं, इथे सगळ्यांच्याच भाकऱ्या फुगतात! मग पुढच्या वर्षी बरी फुगलेली भाकरीसुद्धा झाकली जाते, आणि पट्टा आणखी वर सरकतो. तेव्हा पट्ट्याच्या खालच्या टोकाला टेकणाऱ्या गुणांना घाबरू नये असं माझं मत झालं.

आणि हे नुसतं माझंच मत नाही. डार्टमथने २०२४ च्या फेब्रुवारीत गुण पुन्हा सक्तीचे केले, त्याआधी त्यांच्या प्राध्यापकांनी जुन्या अर्जांचा अभ्यास केला होता. त्यात आढळलं की साध्या परिस्थितीतल्या, साध्या शाळांतल्या कितीतरी मुलांनी १४०० च्या आसपासचे गुण पाठवलेच नव्हते, आणि ते पाठवले असते तर त्यांचा फायदा झाला असता. कारण कॉलेज आकडा एकटा वाचत नाही. मूल कुठून आलं, त्याच्या शाळेत इतरांना किती पडतात, तेही बघतं. २०२४ साली बारावी झालेल्यांची सॅटची सरासरी १०२४ होती. त्या मुलांनी चांगला आकडा घरीच ठेवला, कारण कुणीतरी सांगितलं होतं की पंधराशेच्या खाली लाज वाटावी. हे वाचून मी ताईला म्हटलं, "अगं, आपल्याकडची लाज आणि तिकडची लाज एकाच गिरणीत दळलेली दिसते!"

ऑक्टोबरातल्या एका रात्री भांडी आवरल्यावर मी भाचीला खाली बोलावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडून पाठकोरं घेतलं आणि तिला म्हटलं, नावं लिही. नऊ कॉलेजं होती. चार ठिकाणी १४४० पट्ट्यात किंवा पट्ट्याच्या वर बसत होते, तिथे पाठवायचे. दोन कॅलिफोर्नियातली, तिथे प्रश्नच नाही. आणखी दोन ठिकाणी पट्टा १५१० च्या पुढे आणि सक्ती नाही; भाचीची शाळा चांगली, घर सुखवस्तू, तेव्हा तिथे १४४० दाखवून काही विशेष कळणार नव्हतं. तिथे नाही पाठवायचे. हे दाजींना पटलं, आणि चार ठिकाणी पाठवायचं हे भाचीला पटलं.

राहिलं नववं. ते सगळे गुण मागणारं. मार्चचे, ऑगस्टचे, ए.सी.टी.चे, सगळे. ताई म्हणाली, "ते नाव खोडून टाक." मग जरा थांबून म्हणाली, "किंवा ए.सी.टी. दिलीच नाही असं समजू. त्यांना काय कळतंय?" भाचीने पेन खाली ठेवलं. "आई, खाली सही माझी आहे," एवढंच बोलली. मग मराठी सुचेना म्हणून इंग्रजीत म्हणाली, मी तीन शनिवार बसून तीन परीक्षा दिल्या, त्यात चोरी काय आहे? ताई गप्प झाली. मीही काही बोलले नाही. तिच्या घरात मी पाहुणी. दाजी उठून दूध गरम करायला गेले आणि तिकडूनच म्हणाले, "सगळे पाठव." मुलीला १५६० हवे होते म्हणणारे हेच ते, बरं!

नऊही अर्ज गेले. तिला पुढे कुठून होकार आला आणि कुठून नाही, ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

आता नाशिकच्या ताई, तुमच्यासाठी. १३९० हे वाईट गुण नाहीत. सरासरीच्या ते किती वर आहेत ते वर लिहिलंच आहे. 'कुठेच पाठवू नका' हा सल्ला ऐकू नका, आणि चिडून 'सगळीकडे पाठवते' असंही करू नका. मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन बसा, एकेका कॉलेजाचा या वर्षीचा नियम आणि पट्टा कागदावर मांडा. ज्या कॉलेजात गुणांवर शिष्यवृत्ती ठरते तिथे तर कोरी जागा म्हणजे पैसे सोडणं. अलाबामा विद्यापीठासारख्या ठिकाणी गुणांप्रमाणे फी कमी होते, आणि रुपयांत हिशेब करणाऱ्या घराला ते फार मोठं असतं. परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर एक लक्षात ठेवा. नाव नोंदवल्यापासून परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना गुण फुकट पाठवता येतात, पण तेव्हा निकाल हाती नसतो. नंतर पाठवायचे तर प्रत्येक कॉलेजामागे डॉलर मोजावे लागतात. जी कॉलेजं सगळेच गुण मागतात, त्यांच्यासाठी ही फुकटची सोय खुशाल वापरा. बाकीच्यांसाठी निकाल येईपर्यंत थांबलेलं बरं.

आणि मुलीला आज रात्री जेवायला बसवा. आकडा विचारायला कुणाचा फोन आला तर तो तिलाच घेऊ द्या. तिला सांगायचा असेल तर ती सांगेल.

आवळ्याच्या सुपारीचं प्रमाण या वेळी द्यायचं कबूल केलं होतं, ते या सगळ्यात राहून गेलं. पुढच्या अंकात नक्की देते. तोवर आवळे किसून ठेवू नका, काळे पडतील.