दाखल्याची मुदत एजंट ठरवत नाही

निकाह झालाय, पण एक जण अमेरिकेत आणि दुसरा इथं, अशा जोडप्यांचे फॉर्म तपासायला मित्र माझ्याकडे येतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून वेबसाइट वाचून दाखवायचं काम माझं. प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला: “भाई, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट सहा महिन्यांत बाद होतं ना?”

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी नाही होत. तिथल्या स्टेट डिपार्टमेंटचा नियम दोन वर्षांचा आहे. सहा महिन्यांची अट कॅनडाची, तीही अर्जदार सध्या राहतो त्या देशाच्या दाखल्यापुरती. मुदत ठरवतो तो दाखला मागणारा देश. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र एकाचा नियम दुसऱ्याच्या नावावर फिरतो आणि एजंट ‘रिन्यू’चे पैसे घेतो. पीसीसीची सरकारी फी ५०० रुपये. अर्ज पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवर स्वतः करता येतो.

घाईही नको. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा लागू नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला आहे, त्यामुळे रांग लांबते. याचिका भरली त्याच दिवशी दाखला काढला, तर तो रांगेतच जुना होईल. नॅशनल व्हिसा सेंटर कागद मागेल तेव्हा काढा, आणि मुलाखतीच्या दिवशी दोन वर्षं उलटलेली नसतील हे बघा. मूळ प्रत मुलाखतीला सोबत न्यावी लागते.

आखातात काम केलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. वयाच्या १६ व्या वर्षानंतर पूर्वी एखाद्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलाही दाखला लागतो. पण दाखला निघाल्यानंतर त्या देशात परत गेला नसाल, तर त्याला दोन वर्षांची मुदत लागू होत नाही. म्हणून नोकरी सोडून येतानाच तो हातात घ्या. सौदीचा दाखला असेल तर लक्षात घ्या: नियमाचे शब्द ‘परत गेला नसाल’ असे आहेत, त्यात उमराहसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. काही देशांचा दाखला मिळतच नाही. तसं स्टेट डिपार्टमेंटच्या त्या देशाच्या पानावर नमूद असतं.

इतकं सगळं उघड लिहिलेलं असताना आपली मुलं एजंटकडे का जातात? मला वाटतं, ‘पोलीस’ या शब्दाची धास्ती. चौकीवर नाव सांगावं लागेल, म्हणून कुणीतरी मध्ये हवा असतो. ही धास्ती हवेतून आलेली नाही, हे मलाही माहीत आहे. पण हा दाखला कुणाची मेहेरबानी नाही. तो मागणं हा नागरिकाचा साधा हक्क आहे.

आंदोलनातली जुनी केस असेल तरी लपवू नका. व्हिसाचा फॉर्म अटकेबद्दलही विचारतो. खरी माहिती आणि कोर्टाचे कागद दिले तर बोलायला जागा राहते. खोटं उत्तर पकडलं गेलं तर व्हिसाचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. आधी वकिलाला भेटा.

प्रत्येक मोहल्ल्यात इंजिनिअरिंगची दोन-चार मुलं असतातच. जुम्याच्या नमाजनंतर तासभर लॅपटॉप घेऊन बसा आणि मूळ नियम लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. एका चुकीच्या तारखेपायी नवरा-बायकोचे आणखी काही महिने वेगळे जातात. ते वाचवण्यासाठी एक तास फार नाही.