दाढीच्या ब्रशाचं गाव कोणतं?

दाढीच्या ब्रशावरून वाद होतो म्हटलं तर लोक हसतील. त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या एखाद्या सलूनच्या बाकावर रविवारी सकाळी जाऊन बसावं. कापसाचा भाव, पुसदला झालेला एखादा सत्कार आणि नागपूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक हे विषय संपले की कुणीतरी ऑनलाइन मागवलेल्या ब्रशाची गोष्ट काढतो. मग पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, खरा ब्रश इंग्लंडचाच, बाकी नक्कल. दुसऱ्याचं म्हणणं, आपला परंपरेनं चालत आलेला देशी ब्रश असताना विलायती कशाला? आणि तिसरा, जो आजकाल सगळ्यांत मोठ्यानं बोलतो, तो म्हणतो की सगळं चीनमधूनच येतं, तेव्हा कुठला म्हणून विचारणंच फुकट. पहिली दोन म्हणणी निव्वळ चुकीची आहेत. तिसरं चुकीचं तर आहेच, शिवाय घातक आहे.

इंग्लंडवाल्यांचं आधी पाहू. त्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो बॅजरच्या केसांचा ब्रश. बॅजर म्हणजे बिळात राहणारा, निशाचर, राखाडी केसांचा प्राणी. त्याचा केस पाणी धरून ठेवतो आणि टोकाला मऊ असतो, म्हणून दाढीच्या ब्रशांत त्याचा मान मोठा. इंग्लंडमध्ये केंटसारखी १७७७ पासून ब्रश करणारी घराणी आहेत, हेही खरं. पण इंग्लंडमधला बॅजर मात्र त्या ब्रशात नाही. तिथे १९७३ च्या कायद्यानं आणि पुढे १९९२ च्या कायद्यानं त्या प्राण्याला संरक्षण मिळालं. परवान्याविना त्याला पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. मग लंडनच्या दुकानातल्या ब्रशाला केस कुठून येतात? जवळजवळ सगळे चीनमधून. अनेकदा नुसते केस येत नाहीत, बांधून तयार झालेली जुडीच येते. युरोपातल्या कारखान्यात ती दांड्यात चिकटवली जाते, आणि खोक्यावर त्या देशाचं नाव छापलं जातं. 'सिल्व्हरटिप', 'बेस्ट', 'प्युअर' अशा ज्या प्रती सांगितल्या जातात त्यांना सगळ्यांवर बंधनकारक असं एकच प्रमाण नाही. एका घराण्याची 'बेस्ट' ती दुसऱ्याची दुय्यम असू शकते. २०१८ मध्ये 'पेटा' या प्राणिहक्क संस्थेनं चीनमध्ये पिंजऱ्यात कोंबलेल्या बॅजरांची चित्रफीत जगापुढे आणली, तेव्हा अनेक कंपन्यांनी बॅजरचे केस वापरणं थांबवलं. इंग्लंडची म्हणून मिरवलेल्या वस्तूचा जीव चीनच्या पिंजऱ्यात होता, हे गिऱ्हाइकांना तेव्हा कळलं. हजामतीच्या सामानावर राजचिन्ह छापलेलं पाहिलं की आपल्याकडच्या काही माणसांचा विवेक अजूनही रजेवर जातो, त्याला औषध नाही.

आता देशीवाले. परंपरा म्हणजे नेमकी कोणाची? वारीक, म्हणजे न्हावी समाजातले संत सेना महाराज यांचा आपल्या व्यवसायावरचा अभंग महाराष्ट्राला पाठ आहे. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, पाणी आहे, डोकं घोळणं आहे, नखं काढणंही आहे. ब्रश नाही. साबणही नाही. बलुतेदारीतला वारीक धोकटी घेऊन वाड्यावर येई, पाण्याचा हात गालावर चोळून दाढी भिजवी आणि वस्तरा चालवी. ब्रश आपल्याकडे साबणाच्या वडीबरोबर, साहेबाच्या पाठोपाठ आला. तो आपला पारंपरिक म्हणणं म्हणजे चहाला वैदिक म्हणण्यासारखं आहे.

म्हणून देशी ब्रश नाही असं मात्र नाही. आहे, आणि त्याचा धंदा चांगला जुना आहे. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात शेरकोट नावाचं गाव आहे. रंगाचे, चित्रकलेचे, दाढीचे असे सगळे ब्रश तिथल्या घराघरांत आणि कारखान्यांत बनतात. पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललं आहे. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातल्या गावडुकरांच्या पाठीवरचे राठ केस गोळा करून, लांबीप्रमाणे निवडून परदेशी पाठवायचा मोठा व्यापार कानपूरला होता. हे केस निर्यात करताना अ‍ॅगमार्कची प्रत लावावी लागे. तूप आणि हळदीच्या पंगतीत डुकराचा केस बसलेला होता, हे आज ऐकायला गंमतीचं वाटतं. तेव्हा देशी मालाचा अभिमान बाळगायचा तर या कामाचा बाळगावा. पण तो बाळगणाऱ्याला शेरकोटचं नाव माहीत नसतं, आणि त्याच्या हातातला 'देशी' ब्रश बहुधा नायलॉनचा असतो. क्रीमच्या नळीबरोबर फुकट मिळालेल्या ब्रशाला कुठल्याही प्राण्याची परंपरा नसते.

शिवाय देशी म्हटलं की पवित्र, हेही खरं नाही. चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसाचे केस वापरण्याचा चोरटा धंदा आपल्याच देशात चालत आला. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच असतानाही तो चालला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावानं उत्तर प्रदेशापासून पुणे-मुंबईपर्यंत एकाच वेळी छापे घातले, तेव्हा मुंगसाच्या केसांचे पन्नास हजारांहून अधिक ब्रश हाती लागले. आपल्या धुऱ्यावर साप मारणारा, शेतकऱ्याचा सोबती म्हणवणारा हा प्राणी, आणि त्याच्या केसांनी पोरं शाळेत देखावे रंगवतात. कुठला केस, हे कुणी विचारलं असतं तर एवढे ब्रश खपलेच नसते.

इथे तिसरा पक्ष खाकरतो. तो म्हणेल, हेच तर आम्ही म्हणतोय! केस इथला नाही, जुडी तिथली नाही, दांडा तिसरीकडचा. मग गाव विचारून उपयोग काय? फेस झाला म्हणजे झालं.

या माणसाला पहिल्या महायुद्धाची गोष्ट सांगायला हवी. युद्धापूर्वी बॅजरचे केस बहुतेक रशियाकडून येत. युद्धानं ते थांबले. त्याच वेळी लाखो शिपायांना रोज गुळगुळीत दाढी करणं भाग होतं, कारण विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीच्या खुंटांवर घट्ट बसत नसे. ब्रश तर हवेत, आणि स्वस्तात हवेत. मग घोड्याचे केस रंगवून बॅजरसारखे दिसणारे ब्रश निघाले. हे घोड्याचे केस चीन आणि सायबेरियाकडचे. युद्धापूर्वीही ते येतच होते. पण येताना फ्रान्स-जर्मनीच्या वाटेनं येत, तिथे धुतले जात, निर्जंतुक होत आणि मग इंग्लंड-अमेरिकेच्या कारखान्यांत पोचत. युद्धानं ती वाट तुटली. केस सरळ येऊ लागले, मधली धुलाई गळाली. आणि शिपायांच्या गालांवर, हनुवटीखाली काळ्या खपलीचे फोड उठू लागले. तो होता अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे गुराखी ज्याला फाशी म्हणतो तो गुरांचा रोग. मेलेल्या जनावराच्या केसात त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि वस्तऱ्याच्या बारीकशा कापातून आत शिरतात. ब्रिटिश आणि अमेरिकी फौजांत आणि नागरिकांत मिळून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांतले काही दगावले. असे ब्रश जपानहून तयार होऊनही येत; १९२० मध्ये ब्रिटननं जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली.

दुकानात घेताना त्या ब्रशाकडे पाहून काय दिसलं असतं? फेस तर झालाच असता, उत्तम झाला असता. बदललं होतं ते ब्रशामागचं एक काम: कुणीतरी, कुठल्यातरी गावी, ते केस उकळत होता आणि आता उकळत नव्हता. 'कुठला' या प्रश्नाचं उत्तर त्या गावात होतं. खोक्यावरच्या देशाच्या नावात ते नव्हतं, आणि 'विचारून उपयोग काय' या सुस्कार्‍यात तर नव्हतंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वस्तूचं गाव म्हणजे जिथे तिचा गुण ठरवणारं काम होतं ते गाव. दाढीच्या ब्रशात ते काम जुडी बांधण्याचं आहे. केस लांबीप्रमाणे निवडायचे, मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला आणायची, टोकं खाली करून साच्यात ठोकत ठोकत गोल आकार द्यायचा, दोऱ्यानं आवळायचं आणि बुडाशी पक्कं चिकटवायचं. आकार कात्रीनं द्यायचा नाही, हातानं द्यायचा. कारण कात्री लागली की केसाचं निसर्गानं दिलेलं मऊ टोक जातं आणि ब्रश गालाला टोचतो. जुडी सैल तर केस गळणार, फार घट्ट तर पाणी धरणार नाही. दांडा काय, लाकडाचा असो की प्लॅस्टिकचा, लेथवर कुठेही उतरतो. जुडी शेरकोटला बांधली असेल तर ब्रश शेरकोटचा. चीनमध्ये बांधली असेल तर चीनचा, मग दांड्यावर कुणाचंही राजचिन्ह असो. आणि बॅजरचा म्हणून चौपट दाम घेणार असाल तर केसाचं गाव वेगळं लिहा, कारण मग तुम्ही केसच विकताय.

हा नियम मी ब्रशापुरता शोधून काढलेला नाही. आपण पैठणीच्या बाबतीत तो कधीच मान्य केला आहे. आजची पैठणी मुख्यतः येवल्याला विणली जाते. तिचं रेशीम बंगळुरूकडचं आणि जर सुरतेची. म्हणून पैठणी कर्नाटकी किंवा गुजराती झाली असं कुणी म्हणत नाही, कारण तिचा गुण मागावर ठरतो. भौगोलिक मानांकनात येवला आणि पैठण ही दोन्ही नावं आहेत ती याच न्यायानं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले. काहींना तेव्हा ते झोंबलं. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिराच्या हाताकडे पाहिलं असतं तर झोंबलं नसतं.

उलटही असतं. कधी सगळा गुण कच्च्या मालातच असतो. २०१६ मध्ये 'टार्गेट' या अमेरिकी दुकानसाखळीनं 'वेलस्पन' या भारतीय कंपनीशी व्यवहार तोडला, तो याच कारणासाठी. इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाच्या म्हणून दिलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्रे दुसऱ्याच कापसाचे निघाले. विणकाम चोख होतं. पण गिऱ्हाइकानं पैसे मोजले होते ते कापसाच्या गावाचे. हे महागावच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपल्या शेतातला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटतो, गाठीत दबतो आणि त्याच क्षणी त्याचं गाव पुसलं जातं. ती गाठ पुढे कुठे कातली गेली, कुठल्या नावानं कपाटात गेली, हे पिकवणाऱ्याला कळत नाही. गाव पुसलं की भाव मागायचा हक्कही पुसला जातो. ज्या तालुक्याचं पांढरं सोनं निनावी जातं, त्या तालुक्यात बसून 'कुठलं ते विचारून काय करायचं' असं म्हणणं शोभत नाही.

एक आक्षेप मात्र दमदार आहे, तो टाळून चालणार नाही. पन्नास-साठ रुपयांच्या ब्रशासाठी गिऱ्हाइकानं एवढी चौकशी करावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. कबूल. ती गिऱ्हाइकानं करू नये म्हणूनच कायदा आहे. वैधमापन शास्त्राच्या आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता हवा. पॅकिंग करणारा वेगळा असेल तर त्याचाही हवा. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव आणि मूळ देश हवा. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही हा तपशील दाखवावा लागतो. नियमात भोक आहे ते वेगळ्या ठिकाणी: परदेशातून तयार जुडी आणून इथे दांड्यात बसवली, तर जुडीचं गाव सांगण्याची सक्ती नाही. ती असायला हवी. दांड्याला चिकटवलं की देशी झालं, ही सूट शेरकोटच्या हातांवर अन्याय करते. तिथला कारागीर बसून जुडी बांधतो, आणि नुसतं चिकटवणारा त्याच्याच रांगेत त्याच्याच नावानं उभा राहतो.

तोवर जे आहे ते तरी वापरू. पुढच्या वेळी ब्रश घ्याल तेव्हा खोकं उलटं करून पाहा. केस कशाचे ते लिहिलंय का? करणाऱ्याचा पत्ता आहे, की नुसतं विकणाऱ्याचं नाव? दुकानदाराला विचारा, त्याला माहीत नसेल तर तो एजंटाला विचारील, आणि पाच गिऱ्हाइकांनी विचारलं तर एजंट वर विचारील. सलूनवाल्या भावांनीही घाऊक घेताना पत्ता नसलेला माल परत करावा. ब्रश रोज कितीतरी गालांवरून फिरतो. आणि पत्ता नसलेलं पाकीट विकायला कुणी हट्टानं बसलंच, तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.