दुकानातील जुना संगणक : चालू द्यावा की बदलावा?

वरोरा, भद्रावती, चिमूर या भागातील आपल्या व्यापारी बांधवांशी बोलताना हल्ली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. संगणकाच्या पडद्यावर सूचना येते की विंडोज १० ची मुदत संपली आहे, आता विंडोज ११ घ्या. दुकानदार म्हणतो, "बिल निघते, टॅली उघडते, जीएसटीचे रिटर्न भरले जाते. मग चालत्या गाडीची चाके कशाला काढायची?" त्याचा मुलगा म्हणतो, "अब्बा, हा डबा फेकून द्या आणि नवा घ्या." मला या दोन्ही उत्तरांत घाई दिसते.

मी संगणकाचा जाणकार नाही. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि आयुष्य कापडाच्या गठ्ठ्यांत गेले. परंतु हा प्रश्न केवळ यंत्राचा नसून हिशेबाचा आहे, आणि हिशेबाचा आहे म्हणूनच तो अमानतीचाही आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे आधी सांगतो.

हिशेब गेला तेव्हा

आमच्या दुकानात २०१९ साली विंडोज ७ चालत होते. ज्या कारागिराने संगणक बसवून दिला होता, त्याने "उगाच अडथळा नको" म्हणून कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा बंद करून ठेवल्या होत्या. आम्हालाही ते सोयीचे वाटले. त्या वर्षी पोळा होऊन गेल्यानंतर एके दिवशी बिलासारखी दिसणारी एक ई-मेल उघडली गेली. तासाभरात सगळ्या फायलींची नावे बदलली, एकही उघडेना, आणि पडद्यावर डॉलरमध्ये खंडणी मागणारा मजकूर आला. आम्ही पैसे दिले नाहीत. पण आमच्याकडची शेवटची छापील खतावणी मार्चअखेरची होती.

विक्रीच्या बिलांच्या दुसऱ्या प्रती पेटीत होत्या, म्हणून कोणी किती उधार नेले हे पुन्हा जुळविता आले. कोणी किती परत केले, ही नोंद मात्र फक्त संगणकात होती. दुसऱ्याकडून आपले येणे आम्हाला पक्के ठाऊक होते. दुसऱ्याने दिलेले मात्र पुसले गेले होते. आमचे गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी आणि मजूर. काहींनी आपण होऊन येऊन बाकी सांगितली, अल्लाह त्यांना बरकत देवो. टेमुर्ड्याकडील एका विधवा बाईंच्या नावावर मुलीच्या लग्नाच्या कापडाचे २,३४० रुपये दिसत होते. मी मागितले. ती म्हणाली, "शेठ, मी तं पोळ्याच्या आधीच पैसे देल्ले होते." मी म्हणालो, नोंद नाही. ती वाद न घालता पाचशे रुपये ठेवून गेली.

दोन महिन्यांनी गल्ल्याच्या खणात माझ्या मुलाच्या हातची चिठ्ठी सापडली. बाई खरे बोलत होती. पैसे परत द्यायला मी तिच्या गावी गेलो, माफी मागितली. तिने पैसे घेतले, चहाही दिला. पण त्यानंतर ती आमच्या दुकानात कधी आली नाही.

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे, आणि तिचा विषय उधारीची लिखापढी हा आहे. देणे-घेणे मुदतीचे असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान म्हणून टाळाटाळ करू नका, ही शिकवण त्यात आली आहे. आपण ती वही आता संगणकाच्या हवाली केली आहे. मग संगणक सांभाळणे हे वही सांभाळण्याइतकेच आपल्यावर बंधनकारक नाही काय?

मुदत संपली म्हणजे काय?

पुष्कळांचा समज असा की मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडेल. तसे नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण त्या प्रणालीचे संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू झाले. फरक एवढाच की प्रणालीत एखादे नवे भगदाड सापडले, तर ते बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर राहिली नाही. शटरचे कुलूप आहे तेच आहे, मात्र चोराने नवी किल्ली बनविली तर कुलूप बदलून देणारा आता येणार नाही.

हे भगदाड किती महाग पडते, हे २०१७ साली जगाने पाहिले. एक मोठी त्रुटी बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला, तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत काम ठप्प झाले. दोन महिने औषध उपलब्ध होते, पण असंख्य ठिकाणी ते घेतलेच गेले नव्हते. आमचीही गत तीच होती. २०१९ साली विंडोज ७ ला कंपनीचा आधार चालू होता. तो १४ जानेवारी २०२० रोजी संपला. औषध होते, आम्ही बाटली उघडली नव्हती. उघडली असती तर नक्की वाचलो असतो असा माझा दावा नाही, पण दार सताड उघडे तरी राहिले नसते.

त्याच वर्षी २७ जून रोजी दुसरा हल्ला झाला. तो युक्रेनमधील करभरणा आणि हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या मार्गाने पसरला. मर्स्क ही जगातील बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आलेला रोग समुद्र ओलांडून न्हावा-शेव्याला पोचतो, तर वरोऱ्याची बाजारपेठ लहान म्हणून सुटेल असे कोणी समजू नये. हे रोग दुकानाची पाटी वाचून आत येत नाहीत.

रिझर्व्ह बँकेचे उदाहरणही बोलके आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, तरी अनेक एटीएम यंत्रे त्यावर चालत होती. अखेर जून २०१८ मध्ये बँकेने आदेश काढला की सर्व एटीएम आधार असलेल्या प्रणालीवर आणा. एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत. बदल करा, पण टप्प्याने करा. आपल्यालाही हीच रीत योग्य आहे.

घाईचेही नुकसान आहे

आता दुसरी बाजू. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणजे नवे आले की डोळे मिटून घ्यावे, असेही नाही. लग्नसराईत किंवा ईदच्या आठ दिवस आधी दुकानाची प्रणाली बदलणारा माणूस स्वतःच्या हाताने दुकान बंद करतो.

शिवाय इसराफ म्हणजे उधळपट्टीही आपल्याला मना आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणून २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. ते भंगार झाले असे मात्र नव्हे. माझे मत थोडक्यात असे :

संगणक अटीत बसत असेल आणि विंडोज १० अस्सल असेल, तर विंडोज ११ विनामूल्य मिळते. 'पीसी हेल्थ चेक' हा कंपनीचाच प्रोग्राम ते तपासून देतो. अशा बांधवांनी मंदीचा आठवडा पाहून बदल करून घ्यावा. अटीत न बसणाऱ्या संगणकावर ओढूनताणून ११ बसवून देणारे भेटतात. तो मार्ग टाळावा, कारण अशा संगणकाला पुढील सुधारणा मिळतील याची हमी कंपनी देत नाही.

संगणक अटीत बसत नसेल, तर काही काळ वाढवून घेता येतो. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. काही अटींवर ती विनामूल्य आणि एरवी ३० डॉलरला ठेवली. व्यावसायिक संस्थांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे, असा दर ठेवला. ही सवलत श्वास घ्यायला आहे, झोपायला नाही.

ज्यांचे काम केवळ इंटरनेटवर बिल पाहणे, पत्र लिहिणे एवढेच आहे, त्यांनी लिनक्सचा विचार जरूर करावा. ही प्रणाली विनामूल्य आहे आणि जुन्या संगणकावर चालते. केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे तीच वापरीत आहेत. मात्र टॅली विंडोजसाठी बनविलेली आहे, हे ध्यानात ठेवूनच पाऊल टाकावे.

भरतकामाची संगणकी यंत्रे चालविणारे कारागीर आणि लग्नपत्रिका छापणारे बांधव यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे डिझाइनचे सॉफ्टवेअर, जुने इनपेज, जुने मराठी फॉन्ट नव्या प्रणालीवर नीट चालतीलच असे नाही. त्यांनी तो संगणक तसाच ठेवावा, पण त्याचे इंटरनेट कायमचे काढून टाकावे. हिशेब आणि बँक दुसऱ्या यंत्रावर करावी.

हलाल-हरामचा विचार

आपल्या बाजारात तीनशे-पाचशे रुपयांत विंडोज 'टाकून' मिळते. ती चोरीची प्रत असते, हे आपल्याला ठाऊक असते. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की लेखन, संशोधन, व्यापारी नाव यांसारखे हक्क शरीअतनुसार मान्य आहेत आणि त्यांचा भंग करणे जायज नाही. आपल्या मिलच्या नावाचा खोटा शिक्का दुसऱ्याने कापडावर मारला तर आपण पोलिसांत जातो. मग हा न्याय दुसऱ्याच्या मालालाही लागू होतो.

नवा संगणक हप्त्याने घेताना 'नो कॉस्ट' या शब्दाला भुलू नये. बहुधा बँक व्याज लावतेच आणि विक्रेता तेवढी सूट देतो. व्याजावरील जीएसटी गिऱ्हाईकावर पडतो. कागदावर व्याज असेल तर ते व्याजच होय. त्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी, किंवा नामांकित दुकानातून वापरलेला पण अटीत बसणारा संगणक रोखीने घ्यावा.

आधी उंट बांधा

कोणताही मार्ग निवडा, पण त्याआधी एक काम आजच करा. त्याला डॉलरही लागत नाही आणि नवा संगणकही लागत नाही. सगळ्या हिशेबाच्या दोन प्रती काढा. एक दुकानात ठेवा, एक घरी. प्रत काढून झाली की ती डिस्क संगणकापासून वेगळी करा. जोडून ठेवलेली प्रत मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही हेही पाहा. महिन्याच्या शेवटी उधारीची यादी कागदावर छापा. आणि गिऱ्हाईकाने एक रुपया दिला तरी त्याच्या हातात पावती द्या, मग ते मागो वा न मागो.

आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याला शिकविले. नवी प्रणाली ही फक्त दोरी आहे. बांधायचा आहे तो हिशेब, आणि त्या हिशेबात आपल्यापेक्षा दुसऱ्याचा हक्क जास्त असतो. माझ्या खतावणीत आज त्या बाईंच्या नावापुढे बाकी शून्य आहे. पण एका गरीब बाईला मी खोटे ठरविले, ही बाकी कोणत्याही संगणकावर जमा होत नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.