अंगठा आपला, वही कोणाची?

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव अजूनही वाढोणा असेच आहे आणि श्री परमेश्वराच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत ते ओळखले जाते. अशा गावांतही आता चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो. ग्राहक भ्रमणध्वनी पुढे करतो आणि क्षणार्धात पैसे पोहोचतात. सुट्ट्या पैशांची कटकट नाही की बँकेतील रांग नाही. ही सोय खरी आहे. ती नाकारणे दुराग्रहाचे ठरेल. परंतु सोय जितकी मोठी, तितकीच तिची किंमत तपासून पाहण्याची जबाबदारीही मोठी असते. ती तपासणी मात्र आपल्या समाजात अभावानेच होताना दिसते.

यूपीआय ही भारतीय बुद्धीची निर्मिती आहे, याचा अभिमान प्रत्येक देशवासीयाला वाटावा. २००८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. मात्र पूल आपण बांधला आणि त्यावरची नाकी दुसऱ्यांच्या हाती गेली, अशी आजची स्थिती आहे. या व्यवहारांपैकी सुमारे चार पंचमांश व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच खिडक्यांतून होतात. पहिलीची बहुसंख्य मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे, तर दुसरीचे नावच पुरेसे बोलके आहे. कोणत्याही एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असा नियम महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. नियम करायचा आणि तो पाळण्याचा दिवस पुढे ढकलत राहायचा, याला नियमन म्हणत नाहीत.

पैशाची वाट कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. निजामी राजवटीत या भूमीवर हाली सिक्का चालत असे आणि उर्वरित हिंदुस्थानात कलदार. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार केल्यानंतरही निजाम सरकारने भारतीय चलन संस्थानात अवैध ठरविणारा वटहुकूम काढला. टांकसाळ हे केवळ नाणी पाडण्याचे ठिकाण नसून सार्वभौमत्वाचे चिन्ह असते, हे निजाम जाणून होता आणि नवी दिल्लीही जाणून होती. आजची टांकसाळ संगणकाच्या पडद्याआड आहे, एवढाच काय तो फरक. मार्च २०२२ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातील कामकाज थांबविले. त्या देशाने २०१४ नंतर स्वतःची देशांतर्गत यंत्रणा उभी केली होती, म्हणूनच तेथील दुकानांतले रोजचे व्यवहार चालू राहिले. भारतानेही २०१२ साली रुपे कार्ड आणले. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने देयकांची सर्व माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला आणि तो न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. मनात आणले तर भारतीय संस्था या बलाढ्य कंपन्यांना वठणीवर आणू शकतात, हे यातून सिद्ध झाले. तोच खंबीरपणा सर्वत्र का दिसू नये?

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून संगणकीय चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळविले. जानेवारी २०२१ मध्ये ही झळ थेट नांदेडपर्यंत पोहोचली. शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये परस्पर अन्य खात्यांत वळविले गेले. जेथे बँकांची ही गत, तेथे सोयाबीनच्या पट्टीचे पैसे खात्यात ठेवून निर्धास्त झोपणाऱ्या शेतकऱ्याने कोणाच्या भरवशावर राहावे? त्यातच अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय आली. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठ्याचा ठसा एकदा चोरीला गेला की जन्मभर बदलता येत नाही. पूर्वी सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठा उमटविला जाई. आज यंत्रावर तो न वाचताच टेकविला जातो. वही बदलली, अंगठा तोच राहिला.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण तो कंपन्यांविषयी नसून शासनाविषयी आहे. आधारची सुरुवात महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने शासकीय लाभांसाठी आधार वैध ठरविले. खासगी कंपन्यांना मात्र कराराच्या आधारे त्याचा वापर करण्यास मज्जाव केला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात दोषी कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु केंद्र सरकारला स्वतःच्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिला आहे. शिवाय त्यानेच माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम अधिक आवळले. शासनाने नागरिकाकडे पाहावे, नागरिकाने मात्र शासनाकडे पाहू नये, हे लोकशाहीच्या प्रकृतीशी विसंगत आहे.

राष्ट्राच्या सुरक्षेसाठी पाळत आवश्यक असते, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्तच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी आणि सीमेपलीकडील त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषण यंत्रणांनी टिपले, म्हणूनच पाकिस्तानचा हात जगासमोर आला. प्रश्न पाळतीचा नसून तिच्यावरील अंकुशाचा आहे. आपल्याकडे दूरध्वनी वा संगणकीय संदेश ऐकण्या-वाचण्याची परवानगी गृहसचिव देतात आणि तिचा आढावाही अधिकाऱ्यांचीच समिती घेते. न्यायाधीशाची पूर्वसंमती कोठेही लागत नाही. ही पद्धत कोणा एका पक्षाच्या सरकारची नव्हे. २००९ सालचे नियम एका राजवटीने केले आणि त्यांच्या आधारे दहा यंत्रणांची नावे निश्चित करणारा २० डिसेंबर २०१८ चा आदेश दुसऱ्या राजवटीने काढला.

ज्या कुटुंबांनी आणीबाणी सोसली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. मिसाखाली घराघरांतून कर्ते पुरुष उचलले गेले. तरीही भूमिगत कार्य चालू राहिले, ते कशाच्या बळावर? चिठ्ठी हातोहात जाई, निरोप मुखोमुखी पोहोचे, निधी रोखीने गोळा होई आणि निवाऱ्यासाठी दार उघडणाऱ्या घराची नोंद कोठेही होत नसे. आज कोण कोठे गेला, कोणाशी बोलला, कोणाला किती रुपये दिले, याची नोंद आपोआप होते. १९७५ च्या सत्ताधीशांच्या हाती ही वही असती, तर मार्च १९७७ उजाडला असता का? आजचे सरकार आपल्या विचारांचे आहे, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की सरकारे बदलतात. यंत्रणा तशाच राहतात आणि पुढच्या धन्याची चाकरी करतात.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरलाच पाहिजे. पाळतीसाठी न्यायालयीन संमती बंधनकारक व्हावी. तीस टक्क्यांची मर्यादा पुन्हा पुढे न ढकलता अमलात यावी. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराचा शिधा यंत्राने ठसा ओळखला नाही म्हणून अडता कामा नये. रोख रक्कम आणि बँकेची खिडकी हे पर्याय जिवंत राहावेत. कुटुंबांनीही सावध व्हावे. यूपीआयसाठी बेताची रक्कम असलेले स्वतंत्र खाते ठेवावे, आधारच्या ठशाला कुलूप लावण्याची सोय वापरावी आणि फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ गावातील वृद्धांना हे शिकविण्यासाठी दिली, तर ती खरी राष्ट्रसेवाच ठरेल.

तंत्रज्ञान हे साधन आहे. साधनाचा स्वामी सावध असेल तर ते सेवा करते. तो निद्रिस्त असेल तर तेच स्वामी होऊन बसते. अंगठा पुढे करण्यापूर्वी वही कोणाची आहे, हे विचारण्याची सवय समाजाने लावून घेतलीच पाहिजे.