माणूस आहे, एवढं पुरे

दहावीचा निकाल लागला की आमचा चौक नाका फ्लेक्सनी झाकून जातो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून येणाऱ्याला इर्शाळगडाच्या सुळक्याआधी नव्वद टक्केवाल्यांचे फोटो दिसतात. फ्लेक्सबद्दल मी याआधीही चिडून लिहिलंय. यंदाचा राग मात्र वेगळा आहे.

आमच्या आळीतला एक मुलगा बावन्न टक्क्यांनी पास झाला. तेव्हापासून तो नाक्यावर फिरकत नाही. दूध आणायला धाकटी बहीण जाते. पाहुणा चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच टक्के विचारतो, म्हणून कुणी आलं की हा मागच्या दाराने बाहेर. परवा त्याची आई मला हळूच म्हणाली, "भाऊ, कुणी विचारलं तर साठ सांगू का?"

"वहिनी, आहेत तेच सांगा. पोरगं पास झालंय," मी म्हटलं. पण घरी आल्यावरही संताप जाईना. तिच्यावर नाही, तिच्यावर ही वेळ आणणाऱ्या आपल्या सगळ्यांवर.

ज्यांचे फोटो लागले, ती मुलं तरी कुठे निवांत आहेत? बारावीला टक्के घसरले तर लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यांना आत्ताच लागलीय. लोकांनी दिलेली किंमत लोक कधीही काढून घेतात. गुणगौरवाला येणारे पाहुणे शाल-श्रीफळ देऊन 'मोठे व्हा' म्हणतात. मोठं नाही झालं तर? त्यावर कुणी बोलत नाही.

अशा वेळी मला इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला नुसती पायवाट. मोठी यंत्रं चढेनात. मुसळधार पावसात गावागावांतली पोरं, गिर्यारोहक आणि एनडीआरएफचे जवान वर गेले आणि फावड्यांनी चिखल उपसू लागले. चढतानाच अग्निशमन दलातला एक जण हृदयविकाराने गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबला.

त्या दिवसांत मातीखालचा माणूस किती शिकलाय, त्याने काय कमावलंय, हे कुणी विचारलं नाही. तान्हं पोर असो की थकलेली आजी, प्रत्येकासाठी माती उपसली गेली. माणूस आहे, एवढं पुरेसं होतं. हे मोल त्यांना त्या रात्री कुणी बहाल केलं नव्हतं. ते जन्मापासून त्यांचं होतं.

अनोळखी माणसासाठी जे आपल्याला न सांगता कळतं, ते आपल्याच लेकरांच्या बाबतीत का कळू नये? मुलांनी अभ्यास करावा, कष्ट करावेत, पुढे जावं. पण आपण मुळातच मोलाचे आहोत, ही खात्री त्यांना आधी हवी. ती घरातूनच मिळायला हवी, आणि निकाल लागायच्या आधी.