कडेकडेनं जा, म्हणतात

सौंसरच्या बाजारात परवा एका पिकअपवाल्यानं काच खाली करून मला विचारलं, "ओ काका, रोड तुमच्या बापाचा हाय का?" काकाही म्हणाला आणि बापही काढला, आमच्या भागात दोन्ही एका वाक्यात बसतं. मी सायकलवर होतो. डाव्या हाताला मोटरसायकली तिरप्या उभ्या, त्यातली एखादी कोणीतरी मागं न पाहता ओढून काढत होतं, पुढं संत्र्याची हातगाडी. या सगळ्यापासून दोन हात उजवीकडं राहून मी सरळ चाललो होतो. त्यानं तीनदा हॉर्न दिला. रांग संपेपर्यंत, म्हणजे पन्नास-साठ पावलं, मी बाजूला झालो नाही. संपल्यावर झालो आणि हात करून त्याला पुढं जायला सांगितलं. तेव्हा त्यानं तो प्रश्न विचारला.

घरी सांगितलं तर घरचेही पिकअपच्याच बाजूचे निघाले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून आधी तेच नीट मांडतो. सायकल हलकी, गाडी जड. टक्कर झाली तर चूक कोणाची हे पंचनाम्यात ठरतं, हाड मात्र सायकलवाल्याचंच मोडतं. शिवाय सायकल हळू, तिच्यामुळं मागच्यांचा खोळंबा. तेव्हा शहाण्यानं कडेकडेनं जावं, जमलं तर डांबर सोडून साइडपट्टीवरून जावं. मधे चालणं ही मुजोरी, आणि पिकल्या केसांना ती शोभत नाही.

केसांचं राहू द्या, मापांचं पाहू. दोन पदरी रस्ता सात मीटरचा धरतात, म्हणजे एका बाजूला साडेतीन मीटर. ट्रकची रुंदी कायद्यानं 2.6 मीटरपर्यंत असू शकते, बाहेर आलेला आरसा वेगळा. उरले 90 सेंटिमीटर. सायकलचं हँडलच 60 सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि कोणतीही सायकल दोरीवर चालल्यासारखी चालत नाही, वीतभर इकडं-तिकडं होतेच. त्यात आपल्याकडं डांबराची कड कुरतडलेली, खाली चार बोटं खोल मुरूम. त्या कडेवर चाक घातलं की माणूस उजवीकडंच पडतो, ट्रककडं. म्हणजे समोरून वाहन येत असताना कडेच्या सायकलशेजारून ट्रकला त्याच पदरातून सुरक्षित जाताच येत नाही. जाता येत नाही, पण जाता येईल असं ड्रायव्हरला वाटतं. सगळी गोम इथं आहे. कडेला चिकटलेला सायकलवाला स्वतःच्या हातानं ड्रायव्हरपुढं एक खोटी फट उघडतो आणि मग तो त्या फटीत शिरला म्हणून त्याला शिव्या देतो.

तोच सायकलवाला कडेपासून मीटरभर आत असला तर मागच्याला लांबूनच कळतं की फट नाही. त्याच्यापुढं दोनच गोष्टी उरतात: समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबणं, किंवा मोकळा असेल तर पलीकडच्या पदरातून नीट वळसा घालून जाणं. दोन्हीत सायकलवाला जिवंत राहतो. खोळंबा होतो तो आठ-दहा सेकंदांचा.

वळणावर ही गोष्ट आणखी उघडी पडते. सौंसरमधून नागपूर-छिंदवाड्याची जड वाहतूक जाते, बोरगावच्या कारखान्यांची त्यात भर. लांब ट्रेलर डावीकडं वळताना कधी उभं राहून बघा. पुढची चाकं चौकात पार आत जातात, तेव्हा वाटतं केवढी जागा सोडलीय यानं डावीकडं! मग मागची चाकं वळतात. ती पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आडवाट धरून कोपऱ्याकडं सरकत येतात आणि ती जागा पुसून टाकतात. त्या जागेत "कडेकडेनं" पुढं आलेला सायकलवाला असतो. ड्रायव्हरच्या आरशात तो दिसतोच असं नाही. इथं जीव वाचवणारी गोष्ट एकच: ट्रेलरच्या डाव्या कुशीत न शिरता त्याच्या मागं, पदराच्या मधोमध, ड्रायव्हरला दिसेल असं थांबणं. त्याला मुजोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

"हे सगळं विलायती फॅड," असाही एक आक्षेप येतो. तर आमच्या बंडीवाल्याकडं बघा. कापसाची बंडी जिनिंगला निघाली की ती रस्त्याच्या कडेला चिकटत नाही. बैल आपल्या चालीनं चालतात, बंडीवाला मागं वळून एकदा बघून घेतो आणि वळायच्या आधी हात किंवा बैल हाकायची तुतारी बाहेर काढतो. मागं बस असो की साहेबाची गाडी, थांबते. त्याला कोणी आक्रमक म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. तसाच दूधवाला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, त्यामुळं त्याला कडेच्या खड्ड्यात उतरणं परवडत नाही, दूध सांडतं. तो ठरलेल्या रेषेत, ठरलेल्या वेगानं जातो. तो पुढच्या क्षणी काय करणार हे मागच्याला माहीत असतं, म्हणून मागचा त्याला जागा देतो. ठाम सायकल चालवणं म्हणजे एवढंच. आवाज नाही, घाई नाही, लपणं नाही.

विलायतेतही हे शहाणपण काही फार जुनं नाही. तिथल्या वाहतूक नियमावलीत 29 जानेवारी 2022 पासून स्पष्ट लिहिलं आहे की शांत रस्त्यावर, वाहतूक हळू असताना आणि चौक किंवा अरुंद जागा जवळ आली की सायकलस्वारानं आपल्या पदराच्या मधोमध चालावं, एरवीही कडेपासून किमान अर्धा मीटर आत राहावं; आणि मोटारवाल्यानं ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडावं. आमच्या दूधवाल्याला ते कोणी वाचून दाखवायची गरज नाही. आपल्याकडच्या 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं यांची खास काळजी घेण्याचं ओझं चालकावर टाकलेलं आहे. किती चालकांनी ते वाचलं असेल, तो विषय वेगळा.

आता दुसरी बाजू. ती माझ्याच गोटातली आहे, म्हणून तिच्यावर जास्त राग. गिअरच्या सायकली घेतलेली तरुण पोरं म्हणतात, "काका, दबलं की दाबतात. आपणही अंगावर गेलं पाहिजे." म्हणजे सिग्नल तोडायचा, दोन गाड्यांमधून कट मारायचा, हॉर्न दिला की मुद्दाम आणखी हळू व्हायचं, बोनेटवर थाप मारायची. आणि वर याला हक्क म्हणायचं.

ही थाप मी स्वतः मारलेली आहे. दहा-बारा वर्षं झाली. पांढुर्ण्यात जाम नदीच्या पुलाजवळ एका जीपनं मला घासून नेलं. पुढं गर्दीत ती अडकली, मी गाठली आणि तिच्या मागच्या पत्र्यावर पंजा आपटला. ड्रायव्हरनं दचकून करकचून ब्रेक मारला. जीपला काही झालं नाही, मलाही नाही. मागून स्कूटीवर एक बाई येत होत्या, पुढं मेथीच्या जुड्यांची पिशवी. त्या पडल्या. गुडघा फुटला, मेथी रस्ताभर. जीपवाला आणि मी, दोघंही एकमेकांवर ओरडायचं सोडून जुड्या गोळा करायला लागलो. बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं भांडण झालं का?" त्या दिवसापासून माझा पंजा हँडलवर आहे.

ठाम माणूस आपली पाळी घेतो, आक्रमक दुसऱ्याची हिसकावतो. बाहेरून दोघं सारखे दिसू शकतात, कारण दोघंही कडेला नसतात. ओळखायची खूण मानेत आहे. ठाम सायकलवाला जागा बदलण्याआधी उजव्या खांद्यावरून मागं बघतो, हात काढतो, मागच्याची नजर पकडतो, दोन पायडल मारून मग सरकतो; जागा मिळाली नाही तर थांबतो. दुसरा आधी घुसतो आणि मग बघतो. उलट्या बाजूनं येणारेही याच दुसऱ्या जातीचे. "समोरची गाडी दिसते" हे त्यांचं कारण. दिसते खरी, पण तासाला 15 किलोमीटरची सायकल आणि 40 ची मोटरसायकल समोरासमोर आली तर वेगांची बेरीज 55 होते. एकाच दिशेनं असती तर वजाबाकी होऊन 25. गणित चौथीचं आहे.

इथं कोणीतरी हसून म्हणतंच: "गोटमारीचं गाव आपलं, रस्त्यावरही गोटमारच चालायची." मला हे मान्य नाही. गोटमारीला पांढुर्णा आणि सावरगाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांसमोर दगड घेऊन उभे राहतात ते वर्षातून एकदा, मधे जाम नदी ठेवून. तो खेळ बरा की वाईट यावर वेगळं भांडता येईल. पण सोमवारच्या सकाळी पुलावर मधे नदी नसते.

एका कबुलीशिवाय हा लेख अप्रामाणिक ठरेल. मी म्हणतो ती रीत गावातली आहे, जिथं वाहनं वीस-तीसच्या वेगानं चालतात. नागपूर-बैतूल महामार्गावर ट्रक ऐंशीनं येतो. तिथं पदराच्या मधे उभं राहणं ठामपणा नाही, आत्मघात आहे. तिथं साइडपट्टीच खरी. ही रीत किती ताणायची, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर नावाच्या माणसानं 1970 च्या दशकात सायकलवाल्यानं वाहनचालकासारखंच वागावं असा पक्ष जोरानं मांडला. तिथवर मी त्याच्याबरोबर. पण त्याच भरात त्यानं सायकलींसाठी वेगळ्या वाटांना विरोध केला, तिथं मी त्याला सोडतो. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यात पावणेपाच हजारांहून जास्त सायकलवाली होती. एवढ्यांना नुसतं "हिंमत धरा" म्हणून चालणार नाही. बारा वर्षांच्या पोरीकडून ट्रकला नजर भिडवण्याची अपेक्षा करणारा देश वाट बांधायच्या खर्चातून अंग काढून घेतोय. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला. साहेबांच्या गाड्या लगेच आल्या, सायकलची वाट अजून यायची आहे. ती येईपर्यंत आजच्या रस्त्यावर कसं चालायचं, एवढाच माझा प्रश्न.

आणि ही बारा वर्षांची पोर कल्पनेतली नाही. मध्य प्रदेश सरकार लांबच्या गावांतून सरकारी शाळेत येणाऱ्या मुलामुलींना सहावीत आणि नववीत फुकट सायकल देतं. योजना चांगली आहे, तिच्यामुळं कित्येक पोरींची शाळा सुटली नाही. पण सायकलीबरोबर त्यांना मिळतं ते एकच वाक्य: कडेकडेनं जा. मग त्या मुरमातून, गिट्टीतून, उभ्या गाड्यांच्या दारांमधून आत-बाहेर करत जातात. आणि ते आत-बाहेर होणंच सगळ्यांत वाईट, कारण मागच्याला ती पोर क्षणभर दिसते, क्षणभर नाहीशी होते.

पिकअपवाल्याचा प्रश्न राहिला. माझे वडील याच रस्त्यानं सायकलवर जायचे. सायकलचा वार्षिक कर भरून पत्र्याचा बिल्ला हँडलला लावायचे, रात्री दिवा नसला तर शिपाई चाकाचा व्हॉल्व्ह काढून घ्यायचा म्हणून डायनॅमो बसवून घेतला होता. आज घरपट्टी मी भरतो. तेव्हा हो, भाऊ, रस्ता माझ्या बापाचा आहे. तुझ्याही बापाचा आहे, म्हणूनच रांग संपल्यावर तुला हात केला.

सौंसर आणि पांढुर्णा, दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या मैदानावर फक्की मारून साडेतीन मीटरचा पट्टा आखा. त्यात 2.6 मीटर रुंदीची ताडपत्री अंथरा, हा ट्रक म्हणून सांगा, आणि उरलेल्या जागेतून पोरांना सायकली चालवायला लावा. दोन फेऱ्यांत त्यांना सगळं कळेल. फक्कीचे पैसे माझ्याकडून घेऊन जा.